पेरांबूरचा संप

मद्रास (आजचे चेन्नई) येथील पेरांबूर भागातील बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी २७ एप्रिल १९१८ रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन केली. थिऑसफीचे अनुयायी बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष झाले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे तीन दशके आधीच वेशीवर टांगले होते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. परंतु त्यांच्या संस्थेस वर्गणीदार सभासद नव्हते. म्हणून भारतातील संघटित कामगार चळवळीचा आरंभ सामान्यतः मद्रासपासून मानला जातो.

१९१९ साली वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ना. म. जोशी यांच्यासमवेत वाडियाही गेले होते. पुढल्याच वर्षीच्या तंट्यात गिरणीच्या चालकांनी उच्च न्यायालयातून त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. हे हत्यार अमेरिकेत जुनेच होते. १८९४ च्या पुलमन संपात युजीन डेब्स यांना तुरुंग दिसला तो अशाच हुकुमापायी. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न नेला आणि त्यातून १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा आला.

मालकाच्या हुकुमावर कायद्याचा उतारा मिळाला; पण १९२१ च्या दीर्घ संपात जी भेग पडली, तिच्यावर उतारा नव्हता. आदिद्रविड कामगार संपातून बाहेर पडून कामावर गेले. पुळियंतोप्पूमध्ये दंगली झाल्या, झोपड्या जळाल्या, गोळीबार झाला. ऑक्टोबरात संप फसला. आदिद्रविडांचे नेते एम. सी. राजा यांनी आपल्या लोकांची बाजू घेतली, आणि पुढे १९२३ मध्ये त्यांनी जस्टिस पक्षच सोडला.

या कामगारांना ‘संपफोडे’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्यांनी पाणवठ्यावर दूर ठेवले, त्यांनीच गिरणीच्या दाराशी भाऊ म्हणून हाक मारली, तर ती हाक कितपत खरी वाटावी? अमेरिकेतही अनेक कामगार संघटनांनी कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवले, आणि संपाच्या वेळी ते मालकाकडे गेले म्हणून त्यांनाच दूषणे दिली. न्यायाची मागणी करणाऱ्यांनी प्रथम आपल्या ओसरीकडे पाहावे, ही अपेक्षा तेथेही कोणास रुचली नाही.

मुंबईत १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी नेमके हेच बोट ठेवले. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, एवढेच त्याचे कारण.