फळांवरील बुरशी, काढणीनंतरची : नैसर्गिक संयुगांनी प्रतिबंध

काढलेली फळे साठवणीत व वाहतुकीत सडू नयेत म्हणून वनस्पती किंवा प्राण्यांपासून मिळणाऱ्या संयुगांनी केलेला बुरशीचा बंदोबस्त. बुरशीनाशकांच्या अवशेषांबाबत आयातदार देशांनी नियम कडक केल्यापासून या उपायांकडे अधिक लक्ष गेले.

कारणे : साठवणीतील बुरशी बऱ्याचदा बागेतूनच येते. केळी व आंब्यावरील करपा (कोलेटोट्रायकम) कच्च्या फळाच्या सालीत शिरून दबून राहतो आणि फळ पिकू लागले की काळ्या डागांनी प्रकट होतो. संत्र्यावरची हिरवी बुरशी (पेनिसिलियम डिजिटेटम) मात्र जखमेवाटेच शिरते. देठ हिसकून तोडलेले फळ तिला आयतेच सापडते. केळीची फणी दांड्यापासून कापली की ओल्या कापावर लॅसिओडिप्लोडिया, फ्युजेरियम इ. बुरशा बसतात आणि फणीची कूज सुरू होते. चीक जाण्यासाठी पॅकहाऊसमध्ये फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवतात. ते पाणी वेळेवर बदलले नाही, तर बीजाणू पुढच्या फण्यांना लागतात. पुढे कोणताही लेप दिला तरी ही चूक भरून निघत नाही.

संयुगे : ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व गवती चहातील सिट्रल ही बुरशीचे पेशीपटल बिघडवतात. प्रयोगशाळेतील बशीत ती चांगली चालतात. फळावर लवकर उडून जातात, मात्रा वाढवली तर साल भाजते किंवा फळाला वास लागतो. कोळंबी व खेकड्याच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान सालीवर पातळ थर धरते, शिवाय फळाची स्वतःची प्रतिकारशक्ती चेतवते. कोरफडीच्या गराचेही लेप देतात.

हेक्झॅनल : सहा कार्बन अणूंचे अल्डिहाइड. कापलेल्या गवताच्या वासात याचा वाटा असतो. फॉस्फोलायपेज-डी या विकराला अडवून ते सालीच्या पेशीपटलांची झीज लांबवते. याची वाफ बुरशीलाही मारक ठरते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठ, कोइंबतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ व श्रीलंकेतील संशोधक यांनी २०१२ पासून संयुक्त प्रकल्पात आंब्यावर याचे प्रयोग केले. कृष्णगिरी जिल्ह्यातील बागांत काढणीपूर्वी सुमारे ३० व १५ दिवस अशा दोन फवारण्या दिल्या. फळ झाडावर अधिक काळ टिकते, त्यामुळे तोडणी पुढे ढकलून भाव पाहता येतो. करपा बागेतच सालीत शिरून दबलेला असल्याने त्याच्या दृष्टीने काढणीपूर्वीची ही वेळच महत्त्वाची. काढणीनंतर बुडवण्यासाठी द्रावण आणि पेटीत ठेवण्यासाठी नॅनोतंतूंत भरलेले हेक्झॅनल हे पुढचे प्रकार. व्यापारी हेक्झॅनल कारखान्यात बनत असल्याने त्यास ‘नैसर्गिक’ म्हणावे की नाही, याबाबत एकमत नाही.

तंजावर व ओरत्तनाडु : ओरत्तनाडु हे तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील, तंजावर–पट्टुक्कोट्टै रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तालुक्यातील ईच्चंकोट्टै येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. भात व नारळ ही मुख्य पिके असलेल्या या भागात फळसाठवणीचा प्रश्न प्रामुख्याने केळीचा. जिल्ह्यात तिरुवैयारुचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र शेजारच्या तिरुचिरापल्लीत आहे.

महाराष्ट्र : निर्यातीच्या द्राक्षपेटीत राखाडी बुरशीविरुद्ध (बोट्रायटिस) सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद घालतात, ते वनस्पती किंवा प्राण्यांपासून मिळत नसल्याने या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.