शिळं नव्हे, शिल्लक: फूड बँक कशी चालते?

तुळशीचं लग्न झालं की सीमाभागातली मंगल कार्यालयं भरू लागतात. पाचशे पानांचा अंदाज धरावा आणि चारशेच उठावीत, हे नेहमीचंच. दुपारी चारच्या सुमारास मागच्या बाजूला मसालेभाताचं अर्धं पातेलं उरलेलं असतं. "आश्रमात फोन लावा रे" असं कुणीतरी म्हणतं, पण आश्रमात त्या दिवशी आधीच दोन ठिकाणचं जेवण पोचलेलं असतं. त्याच गावात बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत रात्रीच्या जेवणाची विवंचना असते. अन्न आहे, भूकही आहे; दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था नाही. फूड बँक म्हणजे ही व्यवस्था.

नाव 'बँक' का?

जगातली पहिली फूड बँक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात सुरू झाली. जॉन व्हॅन हेंगेल हे तिथल्या एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. दहा मुलांच्या एका आईने त्यांना सांगितलं, की दुकानांनी टाकून दिलेलं चांगलं अन्न वेचून ती घर चालवते. असं अन्न एका जागी ठेवायची आणि गरजूंनी काढून न्यायची बँकेसारखी सोय हवी, ही कल्पना तिचीच. सेंट मेरी चर्चने एक रिकामी पडलेली इमारत आणि ३,००० डॉलर दिले. 'सेंट मेरीज फूड बँक' उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी तिने २ लाख ७५ हजार पौंड, म्हणजे सुमारे १२५ टन अन्न वाटलं. पुढे या कामाचं देशभर जाळं विणलं गेलं. ते २००८ पासून 'फीडिंग अमेरिका' या नावाने ओळखलं जातं आणि त्यात आज सुमारे २०० फूड बँका आहेत.

काम कसं चालतं?

अन्नछत्रात पंगत बसते. फूड बँकेत सहसा बसत नाही. ती घाऊक गोदामासारखी चालते. कारखान्यातला जादा माल, लेबल चुकलेली पाकिटं, चेपलेले पण आतून चांगले डबे, बाजारात आकारामुळे नाकारलेली भाजी आणि फळं तिथे जमा होतात. देणगीच्या पैशातून डाळ-तेलासारख्या वस्तू विकतही घेतल्या जातात. मग माल निवडायचा, तारीख बघायची, खराब बाजूला काढायचा. ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर, हा गोदामाचा पहिला नियम. माल जातो तो आश्रम, वसतिगृहं, रात्र-निवारे आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांकडे. कुठे किती माणसं आहेत, मागच्या वेळी काय दिलं, याची नोंद वहीत असते. म्हणूनच एका आश्रमात दोन ठिकाणचं जेवण आणि शेजारच्या वस्तीत उपवास, असं होत नाही.

शिजवलेल्या अन्नाचा प्रकार वेगळा. तिथे सगळी शर्यत घड्याळाशी. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, हा अन्नसुरक्षेचा साधा हिशेब. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कोईमतूरला २०१४ मध्ये सुरू झालेली 'नो फूड वेस्ट' आणि मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी उभी केलेली 'रोटी बँक' या संस्था असं उरलेलं ताजं अन्न गरजूंपर्यंत पोचवतात.

रेशन आहे, मग बँक कशाला?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. कर्नाटकात अन्नभाग्य योजनेची त्यात भर पडते. पण नुसत्या धान्यावर ताट भरत नाही. डाळ, तेल, भाजी, दूध बाजारातून आणावं लागतं. शिवाय सीमाभागात एक जास्तीची अडचण आहे. चंदगडहून बेळगावला कामाला आलेल्या मजुराला 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे इथल्या दुकानात अंगठा लावून केंद्राचं धान्य उचलता येतं. राज्याची वाढीव मदत मात्र त्या राज्याच्या कार्डालाच. ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याचं काय? ही फट फूड बँक भरू शकते.

फट लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालची वयाच्या मानाने खुजी मुलं कर्नाटकात ३५.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळली. दोन राज्यांची सीमा या आकड्यात दिसतच नाही. दुसरीकडे, भारतात घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे.

कायदा आणि कर

उरलेलं अन्न वाटण्यासाठी एफएसएसएआयने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले. वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी, स्वच्छता, तापमान आणि नोंदवही यांची जबाबदारी त्यात ठरवून दिली आहे.

खरी गोम करात आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे माल नष्ट केला काय किंवा फुकट दिला काय, त्यावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट जातंच. आयकरातली दानावरची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही. म्हणजे बिस्किटांचे खोके दान करणाऱ्या व्यापाऱ्याला, ते फेकणाऱ्यापेक्षा करात काहीच जास्त मिळत नाही. उलट गाडीभाडं अंगावर. अमेरिकेने १९७६ च्या करसुधारणेत असा माल देणाऱ्या कंपन्यांना जादा वजावट दिली आणि १९९६ च्या कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं. तिथल्या फूड बँका मोठ्या झाल्या, त्यात दयेइतकाच या दोन कायद्यांचाही वाटा आहे.

तालुक्याला काय लागेल?

फूड बँकेने गरिबी हटत नाही, आणि ती रेशनची जागाही घेऊ शकत नाही. पण सुरुवातीला लागतं ते थोडकं: एक कोरडी खोली, एक फ्रीज, एक टेम्पो, एफएसएसएआयची नोंदणी आणि रोज लिहिली जाणारी वही. कार्यालयवाल्यांनी आणि आचाऱ्यांनी एकच सवय लावून घ्यायची: शेवटची पंगत उठायच्या आधी फोन करायचा. वाढलेल्या पानातलं द्यायचं नाही, पातेल्यातलं झाकून गरम ठेवायचं.

चारला फोन केला तर ते शिल्लक अन्न असतं. रात्री दहाला केला, तर शिळं.