शिलकी विजेची कुळकथा

वीज साठवून ठेवता येत नाही, ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती खर्ची पडली पाहिजे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रातील कोळशाचे अंबार ज्याने पाहिले आहेत, अशा बीड जिल्ह्यातील माणसाला ते अर्धेच खरे वाटावे. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत ३० मेगावॉटच्या लहान संचांनी सुरू झालेले, ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटच्या संचांनी विस्तारलेले आणि पुढे २५० मेगावॉटच्या तीन संचांवर येऊन स्थिरावलेले हे केंद्र जी वीज देते, ती आज जळणाऱ्या कोळशाची असते. पण उद्याची आणि परवाची वीज त्याच आवारात काळ्या ढिगाच्या रूपाने पडून असते, आणि किती दिवसांची शिल्लक उरली आहे याचा हिशेब तेथील दफ्तरात रोज लिहिला जातो. म्हणजे शिल्लक होतीच. ती विजेची नसून विजेच्या पूर्वजन्मातील ऐवजाची होती, एवढेच.

या शिलकेचा दुसरा अर्धा भाग पाण्याचा. कोळसा रेल्वेने दुरून आणता येतो, पण बाष्पकांना आणि शीतकमनोऱ्यांना लागणारे पाणी जवळच असावे लागते. परळीला ते गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून मिळे, आणि त्या बंधाऱ्याची भिस्त पुन्हा वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर. २०१३ च्या दुष्काळात बंधारा आटला आणि कोळसा असूनही सारे संच पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. ज्या जिल्ह्यात माणसे टँकरपुढे हंडे घेऊन रांगा लावीत होती, त्या जिल्ह्यात यंत्राने पाण्यासाठी हट्ट धरणे शोभण्यासारखे नव्हतेच. तथापि त्या घटनेने एक गोष्ट सप्रमाण दाखवून दिली, की विजेचा साठा ज्या पदार्थात ठेवला असेल त्या पदार्थाचे दुर्भिक्ष हेच विजेचेही दुर्भिक्ष होते.

पाण्याच्या रूपाने वीज साठविण्याची दुसरी, अधिक चतुर रीत मराठवाड्याला अपरिचित नाही. पैठणच्या नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे एक उलटसुलट चालणारे यंत्र बसविलेले आहे. ते पाणी खाली सोडताना वीज देते आणि विजेची चंगळ असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवू शकते. याच जातीचे मोठे काम सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे झाले: वरचे धरण अकोले तालुक्यात, खालचे शहापूर तालुक्यात, आणि मध्ये डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटचे दोन संच. चढविण्यास लागलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. उरलेली वेळेची किंमत म्हणून सोडावी लागते. मात्र या रीतीला उंच कडा आणि खात्रीचे पाणी, दोन्ही हवेत. बीड जिल्ह्यात बालाघाटची डोंगररांग आहे, खात्रीचे पाणी नाही.

विद्युत्कोषाचे कूळ याहून निराळे. इटलीतील व्होल्टा याने जस्त आणि चांदी यांच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजविलेल्या घड्या ठेवून, एकावर एक रचल्या आणि त्या उतरंडीतून विजेचा अखंड प्रवाह मिळतो हे १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. तो कोष एकदा संपला की संपला. तो पुन्हा भरता येईल अशी युक्ती १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लांते याने काढली: शिशाचे दोन पत्रे, गंधकाम्ल, आणि प्रवाह उलटा सोडण्याची सोय. फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्या पत्र्यांची धारणशक्ती वाढविली, आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेतील कित्येक शहरांच्या वीजघरांत बॅटऱ्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. रात्री मागणी उतरली की एंजिने थांबवीत आणि पहाटेपर्यंत दिव्यांची सरबराई या खोल्या करीत. प्रत्यावर्ती प्रवाहाची सरशी झाली, तेव्हा सरळ प्रवाहावर जगणाऱ्या या बॅटऱ्यांचे तेथील वतन संपुष्टात आले, आणि त्या मोटारगाड्यांत, तारायंत्रांच्या कचेऱ्यांत व पुढे आपल्या घरच्या इन्व्हर्टरखाली जाऊन बसल्या.

या कुळातील सर्वांत नवलाची हकीकत पश्चिम बर्लिनची आहे. चहूकडून पूर्व जर्मनीने वेढलेल्या त्या अर्ध्या शहराच्या तारा शेजाऱ्यांच्या जाळ्याशी जोडलेल्या नव्हत्या. एखादा संच अवचित बंद पडला तर हात पुढे करील असा सोयरा कोणी नव्हता. म्हणून तेथील वीजकंपनीने १९८६ मध्ये शिसे-आम्ल कोषांचे एक प्रचंड दालन उभारले, जे क्षणार्धात ८.५ मेगावॉट, आणि निकड पडल्यास काही काळ त्याच्या दुप्पट, वीज देऊ शके. राजकारणाने तोडलेल्या गावाला रसायनशास्त्राने दिलेला हा आधार. पुढे जर्मनी एक झाली, बर्लिनच्या तारा पश्चिमेच्या जाळ्याला जोडल्या गेल्या, आणि त्या दालनाचे प्रयोजन सरले. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेले आपल्याकडील एखादे खेडे राजकीय दृष्ट्या वेढलेले नसते, पण संध्याकाळी सात वाजता त्याची अवस्था बर्लिनहून फारशी वेगळी नसते, असे मला पुष्कळदा वाटते.

शिसे जड आणि अल्पायुषी. ते मागे पडले ते लिथियममुळे. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या संशोधनातून सिद्ध झालेला कोष सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला, आणि तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज वीजजाळ्याच्या कामी येतो तो बहुधा याच कुळातील लोह-फॉस्फेटाचा कोष. १९९७ च्या ज्या निबंधाने त्याचा पाया घातला, त्यावर गुडइनफच्या जोडीने पाढी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावे आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे पवनचक्क्यांशेजारी १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. दिल्लीच्या रोहिणी भागात २०१९ मध्ये १० मेगावॉटची. त्यानंतर महावितरणनेही अशा साठवणुकीच्या निविदा काढल्या.

हे कोठार जवळून पाहिले तर दिसण्यात अगदी रूक्ष आहे. मालवाहू जहाजावर असते तशी वीस फुटी लोखंडी पेटी, बाजूला पंख्यांचा घरघराट, आत मांडण्या, मांडण्यांत खोकी आणि खोक्यांत पाठ्यपुस्तकाएवढे चौकोनी कोष. अशा एका कोषाचा दाब ३.२ व्होल्ट आणि क्षमता ३१४ अँपिअर-तास. गुणाकार केला तर जवळजवळ बरोबर एक युनिट येते, जे आपल्या वीजबिलावर छापलेले असते तेच युनिट. पेटीत असे सुमारे पाच हजार कोष, म्हणजे पाच हजार युनिटे. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप आठ तास चालला तर तीस युनिटांच्या आसपास खातो; तेव्हा वाटेतील घट वजा जाता एक भरलेली पेटी दीडशे पंपांची एक पाळी भागवू शकते. बॅटरीविषयीच्या पुष्कळशा भाषणांपेक्षा हा एवढा त्रैराशिकाचा हिशेब शेतकऱ्याला अधिक पटण्यासारखा आहे.

कारण शेतकऱ्याचा प्रश्न मेगावॉटचा नाहीच. तो तासांचा आहे. थ्री फेज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा चक्राकार शिरस्ता वर्षानुवर्षे चालत आला, आणि गेवराई-माजलगावच्या उसाला किंवा आष्टी-पाटोद्याच्या ज्वारीला पाणी द्यायचे तर थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, हाती बॅटरी घेऊन (ही मात्र खिशातली) दारे धरायला जाणे नशिबी आले. "आपल्याकडं लाईट कवा हाय?" "ह्या आठवड्यात रातची हाय, तात्या," एवढ्या दोन वाक्यांत सबंध कुटुंबाच्या झोपेचा निकाल लागे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने, जी २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये नव्या स्वरूपात मांडली गेली, दिवसाच्या विजेची तजवीज उपकेंद्राजवळच केली. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये, असा तिचा करार. पण सूर्य मावळला की त्याच गावात दिवे, पिठाची गिरणी आणि नळयोजनेचा पंप एकदम विजेला लागतात, डीपीपासून लांबच्या घरांत पंखा रेंगाळतो, आणि दुपारी वापराविना राहिलेली सौर वीज तोपर्यंत निघून गेलेली असते. उपकेंद्राच्या कुंपणात ठेवलेली पेटी उपयोगी पडते ती येथे: दुपारचे उत्पन्न ती संध्याकाळच्या खाती जमा करते, वाहिनीच्या टोकाचा दाब सावरते, आणि या कामी तिला गोदावरीच्या पाण्याचा हिस्सा मागावा लागत नाही.

तरीपण कोठार गावात असले म्हणजे धान्य गावाचे झाले असे नव्हे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बॅटरी-साठवणुकीच्या भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याचे मंजूर केले, तेव्हा प्रकल्पाची निदान ८५ टक्के क्षमता वितरण कंपन्यांना उपलब्ध झाली पाहिजे अशी अट घातली. अट योग्यच आहे. परंतु वितरण कंपनी म्हणजे गावची वाहिनी नव्हे. संध्याकाळी महागडी वीज खरेदी करणे टळावे हा कंपनीचा स्वाभाविक हिशेब, आणि तो पाहता केज तालुक्यात भरलेली पेटी पुण्याच्या वातानुकूलनासाठी रिती होऊ शकते. हे अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही, जाळे एकच आहे आणि त्यात वीज कोणाची हे ओळखता येत नाही. पण किती तास कोणत्या वाहिनीला प्राधान्य, हे करारात लिहिता येते आणि ते लिहून घेतले पाहिजे. रोजगाराच्या बाबतीत तर फार आशा धरूच नये: उभारणीचे काही महिने सरले की तेथे पहारेकरी आणि मोजके तंत्रज्ञ, एवढाच सरंजाम उरतो.

आगीचे भयही निराधार नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात २०१९ मध्ये अशा एका पेटीच्या स्फोटात अग्निशामक दलाचे जवान जखमी झाले. लोह-फॉस्फेटाचा कोष त्या मानाने शांत स्वभावाचा खरा, परंतु बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पेटीच्या शीतकरणाची परीक्षा नेमकी तेव्हाच होते. वस्तीपासून पेट्या किती दूर ठेवणार आणि जवळचा बंब कोणत्या गावाहून किती वेळात पोहोचणार, हे प्रश्न ग्रामसभेत ठराव होण्यापूर्वी विचारावयाचे आहेत. शिवाय कोषांचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. जुने कोष परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. परळीच्या राखेचा बंदोबस्त करण्यात किती वर्षे गेली हे ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याने ती जबाबदारी नाव, मुदत आणि अनामत रक्कम यांसह भाडेपट्ट्यातच नमूद करून घ्यावी.