‘माहेरी गेली’ : बडोद्यातले घटस्फोटाचे कागद

आपल्या ओळखीच्या एका घराच्या वंशावळीत एका सुनेच्या नावापुढे दोनच शब्द आहेत : ‘माहेरी गेली’. पुढे ती कुठेच नाही. अशा बाईचा माग कागदांत लागतो का? बडोद्यात कधीकधी लागतो.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ला आला, देशभर १९५५ला. म्हणून आधी साल पाहावं.

या कायद्याखालचा घटस्फोट म्हणजे कोर्टातलं प्रकरण. तेव्हा लग्ननोंदणीच्या रजिस्टरात शोधत बसू नये, हुकूमनामा शोधावा. दोघांची नावं, गाव, अंदाजे साल हाताशी हवं. बाईचं माहेरचं नावही लिहून न्यावं. प्रकरणाचा नंबर सापडला की नकलेचा अर्ज सोपा होतो. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० साली हा भाग गुजरातेत गेला. त्यामुळे विचारणा तिथल्याच कोर्टात आणि दफ्तरखान्यात करायची. गुजराती वाचता यायला हवं.

मात्र कित्येक जातींत काडीमोड रूढीनंच होई. तिथे कोर्टाचा कागद नसतो. असलीच तर घरच्या पेटीत सोडचिठ्ठी. कोर्टात काही मिळालं नाही म्हणजे घटस्फोट झालाच नाही, असं समजू नये.

हुकूमनामा मिळालाच तर सालाबरोबर अर्ज कोणी केला तेही वंशावळीत लिहा. अर्ज तिचाच असू शकतो.