जर्मनीतील वैद्यकीय कॅनाबिसचे नियमन

जर्मनीतील वैद्यकीय कॅनाबिसचे नियमन ही कॅनाबिस वनस्पतीपासून मिळणाऱ्या औषधांची लागवड, आयात, विक्री व वापर यांवर नियंत्रण ठेवणारी आणि त्यांच्या परिणामांची नोंद करणारी शासकीय व्यवस्था आहे. १० मार्च २०१७ रोजी अमलात आलेल्या कायद्याने तिचा पाया घातला गेला. एखादे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची परिणामकारकता व सुरक्षितता चाचण्यांद्वारे सिद्ध करावी लागते, हा औषधशास्त्रातील सर्वमान्य नियम आहे. जर्मनीने गंभीर आजारी रुग्णांसाठी या नियमाला अपवाद केला आणि त्याच्या मोबदल्यात उपचारानंतरची देखरेख सक्तीची केली. त्यामुळे देखरेखीची गुणवत्ता हा या कार्यक्रमाचा कळीचा प्रश्न ठरला.

संज्ञा

मराठीत या वनस्पतीच्या मादी झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्यास गांजा, राळेस चरस आणि पानांपासून केलेल्या पदार्थास भांग म्हणतात. जर्मन कार्यक्रमात पुढील प्रकारची औषधे येतात : वाळवलेला फुलोरा, फुलोऱ्यापासून काढलेला प्रमाणित अर्क, ड्रोनाबिनॉल, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हा नशा आणणारा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात, आणि नॅबिलोन हे त्याच्याशी साधर्म्य असलेले कृत्रिम द्रव्य. बहुविध ऊतिकाठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या आजारात स्नायूंना येणाऱ्या ताठरपणावरील ‘साटिव्हेक्स’ या तोंडात फवारायच्या औषधाला जर्मनीत २०११ मध्ये रीतसर परवाना मिळाला होता. फुलोरा व अर्क यांना मात्र असा परवाना नाही; औषधालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार तयार करून द्यायची औषधे म्हणून ती दिली जातात.

पार्श्वभूमी

२०१७ पूर्वी कॅनाबिसचा फुलोरा हा जर्मन अमली पदार्थ कायद्यानुसार लिहून देण्यास मनाई असलेला पदार्थ होता. १९ मे २००५ रोजी संघीय प्रशासकीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की रुग्णाच्या उपचाराची गरज हेही सार्वजनिक हिताचे कारण असू शकते आणि त्यासाठी वैयक्तिक सवलत देता येते. त्यानंतर बॉन येथील संघीय औषधे व वैद्यकीय उपकरणे संस्था (यापुढे ‘संघीय औषध संस्था’) अर्जांची छाननी करून अशा सवलती देऊ लागली. २०१७ पर्यंत त्यांचा लाभ सुमारे १,००० रुग्णांना मिळाला. औषधाचा खर्च मात्र रुग्णाला स्वतः करावा लागे आणि तो अनेकांना परवडत नसे.

६ एप्रिल २०१६ रोजी त्याच न्यायालयाने बहुविध ऊतिकाठिण्याच्या एका रुग्णाला घरी झाडे लावण्याची परवानगी देण्याचा आदेश दिला. परवडणारा अन्य उपाय उपलब्ध नसणे हे त्याचे कारण होते. घरोघरी होणाऱ्या लागवडीत औषधाची मात्रा व शुद्धता यांवर नियंत्रण ठेवणे शक्य नाही, अशी सरकारची भूमिका होती. त्यामुळे औषधालयांतून प्रमाणित औषध देणारा आणि त्याचा खर्च विम्यातून भागवणारा कायदा करण्यात आला.

लागवड व आयात

संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक एकल कराराच्या कलम २८ नुसार, कॅनाबिसच्या लागवडीस परवानगी देणाऱ्या देशाला त्यासाठी शासकीय यंत्रणा नेमावी लागते. ही यंत्रणा लागवडीचे परवाने देते आणि पीक निघाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते ताब्यात घेते. त्यानुसार २०१७ मध्ये संघीय औषध संस्थेत ‘कॅनाबिस एजन्सी’ हा विभाग स्थापन झाला.

लागवडीसाठी काढलेली पहिली निविदा अडखळली. अटींमध्ये बदल केल्यानंतर इच्छुकांना पुरेशी मुदत दिली गेली नाही, या कारणास्तव ड्युसेलडॉर्फच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ती प्रक्रिया थांबवली. नव्या निविदेत चार वर्षांसाठी एकूण १०,४०० किलोग्रॅम, म्हणजे दरवर्षी २,६०० किलोग्रॅम उत्पादन ठरवण्यात आले. २०१९ मध्ये तीन कंपन्यांना कंत्राटे मिळाली. त्यांची बंदिस्त उत्पादनकेंद्रे लॉयना, नॉयम्युन्स्टर आणि ड्रेस्डेनजवळील एबर्सबाख येथे उभी राहिली. देशी फुलोरा औषधालयांत पोहोचायला जुलै २०२१ उजाडला. कॅनाबिस एजन्सीने त्याची औषधालयांसाठीची किंमत प्रतिग्रॅम ४.३० युरो ठेवली. एजन्सीला नफा मिळवण्याची मुभा नव्हती.

देशी उत्पादन गरजेच्या मानाने अपुरे असल्याने आयात हाच पुरवठ्याचा मुख्य मार्ग राहिला. प्रारंभी नेदरलँड्स व कॅनडा येथून आणि पुढे पोर्तुगालसह इतर देशांतूनही माल येऊ लागला. प्रत्येक खेपेसाठी आयातदार व निर्यातदार अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात. उत्पादनकेंद्रांनी औषधनिर्मितीची विहित मानके पाळली आहेत किंवा नाहीत, हे तपासण्याची जबाबदारी जर्मनीतील राज्यांच्या औषध निरीक्षण यंत्रणांकडे असते.

औषधचिठ्ठी, औषधालय व विमा

दंतवैद्य व पशुवैद्य वगळता कोणताही डॉक्टर कॅनाबिस औषधे लिहून देऊ शकतो. कायद्याने आजारांची यादी दिलेली नाही. २०१७ ते मार्च २०२४ या काळात ही औषधे अमली पदार्थांसाठीच्या विशेष क्रमांकित चिठ्ठीवर लिहावी लागत. ती चिठ्ठी तीन प्रतींची असे. एका रुग्णाला ३० दिवसांत सर्वसाधारणपणे १०० ग्रॅमपर्यंत फुलोरा देता येई आणि ही मर्यादा ओलांडताना डॉक्टरांना चिठ्ठीवर तशी खूण करावी लागे.

औषधालयाने आलेला माल कॅनाबिसच आहे याची परीक्षा करणे बंधनकारक आहे. त्यानंतर फुलोरा मोजून, आवश्यक तर दळून, मात्रेच्या सूचनेसह दिला जातो. तो तंबाखूप्रमाणे जाळून ओढण्याऐवजी विशिष्ट उपकरणात तापवून त्याची वाफ घेण्याचा सल्ला दिला जातो.

जर्मनीतील सुमारे नऊ-दशांश लोक सार्वजनिक आरोग्य विम्याखाली येतात. हा विमा तीन अटींवर खर्च देतो : आजार गंभीर असावा, प्रचलित उपचार उपलब्ध नसावा किंवा डॉक्टरांच्या सकारण मतानुसार तो लागू करता येत नसावा, आणि कॅनाबिसमुळे प्रकृतीत जाणवण्याजोगी सुधारणा होण्याची शक्यता अगदीच दूरची नसावी. पहिल्या चिठ्ठीपूर्वी विमासंस्थेची मंजुरी लागते. केवळ सबळ कारण असलेल्या अपवादात्मक प्रसंगीच मंजुरी नाकारावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सुमारे एकतृतीयांश अर्ज फेटाळले गेले.

देखरेख सर्वेक्षण

सार्वजनिक विम्यातून खर्च मिळालेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. उपचाराला एक वर्ष पूर्ण झाल्यावर, किंवा तो त्याआधी थांबल्यास त्या वेळी, डॉक्टर रुग्णाचे नाव न देता आजार, औषध, मात्रा, परिणाम व दुष्परिणाम संघीय औषध संस्थेस कळवीत. हे सर्वेक्षण ३१ मार्च २०२२ रोजी संपले आणि जुलै २०२२ मध्ये त्याचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला.

अहवालासाठी सुमारे १६,८०० पूर्ण नोंदी उपयोगात आल्या. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक रुग्ण जुनाट वेदनांनी त्रस्त होते. रुग्णांचे सरासरी वय ५७ वर्षे होते आणि निम्म्याहून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या. सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ६२ टक्के रुग्णांना ड्रोनाबिनॉल देण्यात आले होते. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये लक्षणे कमी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. थकवा व चक्कर हे वारंवार आढळणारे दुष्परिणाम होते.

फुलोरा वापरणाऱ्यांचा गट मात्र वेगळा होता. हे रुग्ण तुलनेने तरुण व बहुतांशी पुरुष होते आणि इतरांच्या तुलनेत त्यांच्या शरीरात जाणारी टीएचसीची मात्रा कितीतरी पटींनी अधिक होती. या गटात गैरवापर व अवलंबित्व यांचा धोका विचारात घ्यावा, असे संस्थेने सुचवले.

सर्वेक्षणाच्या मर्यादा

या सर्वेक्षणात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे नोंदवलेली सुधारणा औषधामुळे झाली, की अपेक्षेमुळे अथवा आजाराच्या नैसर्गिक चढउतारामुळे, हे त्यावरून ठरवता येत नाही. मंजुरी मिळालेल्या रुग्णांच्या मानाने आलेल्या नोंदी बऱ्याच कमी होत्या. याशिवाय खाजगी विमाधारक आणि स्वखर्चाने औषध घेणारे रुग्ण सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे कोणत्या औषधाचा वापर कसा होतो हे सर्वेक्षणाने दाखवले; परंतु चाचण्यांची जागा ते घेऊ शकले नाही.

तरीही पुढील धोरणात या निष्कर्षांचा उपयोग झाला. विम्यातून कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या संघीय संयुक्त समितीने मार्च २०२३ मध्ये नियम केले. फुलोरा देण्यापूर्वी प्रमाणित मात्रेच्या अन्य कॅनाबिस औषधांचा विचार करणे त्यांनी आवश्यक ठरवले. ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक विशेषज्ञ डॉक्टरांना विमासंस्थेच्या पूर्वमंजुरीची अट राहिली नाही.

२०२४ नंतरचे बदल

१ एप्रिल २०२४ रोजी प्रौढांना कॅनाबिस मर्यादित प्रमाणात बाळगण्याची मुभा देणाऱ्या कायद्यासोबत स्वतंत्र वैद्यकीय कॅनाबिस कायदा अमलात आला. कॅनाबिस अमली पदार्थांच्या यादीतून वगळले गेले. विशेष चिठ्ठीची जागा साध्या किंवा इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीने घेतली आणि लागवडीसाठी निविदेऐवजी परवान्याची पद्धत आली. नॅबिलोन मात्र अमली पदार्थच राहिले.

यामुळे रुग्णांवरील व डॉक्टरांवरील कागदपत्रांचा भार कमी झाला. त्याच वेळी संकेतस्थळावर प्रश्नावली भरून, डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट न घेता, स्वखर्चाची चिठ्ठी मिळवण्याचा व टपालाने फुलोरा मागवण्याचा प्रघात वाढला. सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या सहामाहीत सुमारे १९ टन असलेली आयात २०२५ च्या पहिल्या सहामाहीत सुमारे ८० टनांवर गेली. याच काळात सार्वजनिक विम्यातील चिठ्ठ्यांची वाढ मात्र दहा टक्क्यांहून कमी होती. या तफावतीवरून वाढीचा मोठा वाटा स्वखर्चाच्या वापराचा असल्याचा निष्कर्ष सरकारने काढला.

हा वापर नेमका कोणत्या आजारांसाठी होतो, हे आयातीच्या आकड्यांवरून कळत नाही. आयात झालेला सर्व माल त्याच काळात रुग्णांपर्यंत पोहोचतो असेही नाही. २०२२ मध्ये संपलेल्या सर्वेक्षणाने खाजगी चिठ्ठ्यांची नोंद कधी घेतली नव्हती आणि २०२४ मध्ये क्रमांकित चिठ्ठीही गेली. परिणामी, जो भाग सर्वांत वेगाने वाढला, त्याचीच माहिती सर्वांत कमी उरली.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी जर्मन मंत्रिमंडळाने कायद्यातील दुरुस्तीच्या मसुद्यास मंजुरी दिली. फुलोऱ्याच्या पहिल्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट अनिवार्य करणे आणि फुलोऱ्याच्या टपालविक्रीस बंदी घालणे, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. औषधालयातील समुपदेशनाशिवाय असे औषध दिले जाऊ नये, अशी समर्थकांची भूमिका आहे. तर ग्रामीण भागातील व हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णांची त्यामुळे गैरसोय होईल, असा विरोधकांचा आक्षेप आहे.