पडद्यापासून घरापर्यंत

चित्रपटाच्या इतिहासात कलावंत, कथा आणि तंत्र यांची नोंद होते. प्रतीक्षेची सहसा होत नाही. वास्तविक चित्रपट मोठ्या पडद्यावर झळकल्यापासून प्रेक्षकाच्या घरात पोहोचेपर्यंत जो अवधी जातो, त्यावरच चित्रपटगृहाचा व्यवसाय उभा असतो. या अवधीचे रूप कसे पालटत गेले, हे बंगळूरमध्ये विशेष स्पष्टपणे दिसते. कारण तेथे प्रतीक्षेचा उपयोग व्यापाराप्रमाणेच भाषेच्या रक्षणासाठीही करून पाहण्यात आला.

रिळांच्या काळात प्रत काढणे खर्चाचे असे. मोजक्या प्रती निघत आणि त्याच गावोगाव फिरत. बंगळूरात नवा चित्रपट प्रथम लागे तो केंपेगौडा रस्त्याच्या परिसरात. एका जुन्या चित्रपटगृहावरून या भागाला ‘मॅजेस्टिक’ हे नाव पडले, ते आजही प्रचारात आहे. राजकुमार यांची प्रमुख भूमिका असलेला ‘बंगारद मनुष्य’ (१९७२) या रस्त्यावर दोन वर्षे चालला. १९६८ साली उघडलेल्या ‘कपाली’त एका वेळी हजाराहून अधिक प्रेक्षक बसत. येथील गर्दी ओसरली की प्रती उपनगरांत, तेथून तालुक्याच्या गावी आणि अखेर तंबूतील फिरत्या टॉकीजमध्ये जात. महाराष्ट्रात जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजचा क्रमही असाच होता. वाटेत रिळांवरचे ओरखडे वाढत, तिकीट स्वस्त होई. प्रेक्षकाला थांबावे लागे. पण तो थांबलेला असताना चित्रपट वाटचाल करीत असे.

या वाटचालीला पहिला छेद दिला तो व्हिडिओ कॅसेटने. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटी आल्या आणि चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. कायद्यापेक्षा वेगळी वाट राजश्री संस्थेने चोखाळली. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन..!’ निवडक चित्रपटगृहांत लावून तिने त्याची कॅसेट बाजारात येऊच दिली नाही. घरात बसलेले कुटुंब पुन्हा चित्रपटगृहाकडे वळले. प्रतीक्षा हे भांडवल आहे, हे या यशाने सिद्ध केले.

दहा वर्षांनी कन्नड चित्रपटसृष्टीने हेच भांडवल निराळ्या हेतूने वापरले. परभाषी चित्रपट इतरत्र प्रदर्शित झाल्यावर सात आठवडे कर्नाटकात लावू नयेत, असा आग्रह २००४ साली धरण्यात आला. हिंदी, तमिळ व तेलुगू चित्रपटांच्या लोंढ्यात आपल्या चित्रपटांना पडदाच मिळत नाही, ही तक्रार खरी होती आणि मराठी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनानेही २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीसाठी सायंकाळचा खेळ मागितला आणि पुढे ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल केली. महाराष्ट्राने तास मागितले, कर्नाटकाने आठवडे. परंतु सात आठवड्यांची ही भिंत चित्रपटगृहाच्या दारापुरतीच होती. तमिळनाडूतील होसूर बंगळूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, आणि चोरटी तबकडी तर कोणत्याच नाक्यावर थांबत नव्हती. ही भिंत टिकली नाही. पुढे २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांना अधिकृत व्हीसीडी विकून चोरीशी किमतीतच स्पर्धा मांडली. तीही २०१८ साली दिवाळखोरीत संपली.

महासाथीने उरलासुरला अवधीही पुसून टाकला. १७ जुलै २०२० रोजी ‘लॉ’ हा कन्नड चित्रपट चित्रपटगृहात न येताच ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर दाखल झाला. निर्माती संस्था होती राजकुमार यांचे पुत्र पुनीत यांची. पुनीत यांचीच भूमिका असलेला ‘युवरत्न’ १ एप्रिल २०२१ रोजी पडद्यावर आला आणि आठ दिवसांत घरी पोहोचला. ज्या पित्याचा चित्रपट दोन वर्षे एका रस्त्यावर मुक्काम करून राहिला, त्याच्या मुलाच्या चित्रपटाला एक आठवडा मिळाला!

यानंतर भिंत पुन्हा उभी राहू लागली. १ ऑगस्ट २०२२पासून हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांचे अंतर ठरले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आलेला ‘कांतारा’ २४ नोव्हेंबरला, म्हणजे पंचावन्न दिवसांनी घरी पाहता आला. २००४च्या भिंतीने परक्या चित्रपटाला चित्रपटगृहाबाहेर रोखले होते. आताची भिंत आपल्याच चित्रपटाला घराबाहेर रोखते.

‘कांतारा’सारख्या चित्रपटाला हे अंतर मानवते, कारण ते आठवडे तो गर्दीत घालवतो. पहिल्याच शुक्रवारनंतर उतरवल्या जाणाऱ्या छोट्या कन्नड वा मराठी चित्रपटाचे काय? पूर्वी त्याच्यापुढे उपनगर होते, तालुका होता, तंबू होता. आता ‘कपाली’ही उरलेले नाही, ते २०१७ साली बंद पडले. आठवडे तेवढेच मोजले जातात. मात्र जो अवधी एके काळी प्रवासाने भरलेला होता, तो आज रिकामा आहे. त्या रिकाम्या काळात छोटा चित्रपट ना पडद्यावर असतो, ना घरात. आणि तो घरी पोहोचतो तेव्हा त्याचे नाव लक्षात ठेवणारे फारसे कोणी उरलेले नसते.