मूर्तिजापूर

मूर्तिजापूर : अकोला जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि ‘शकुंतला’ या अरुंदमापी रेल्वेचे जंक्शन. ते अकोल्याच्या पूर्वेस सुमारे ४० किमी. वर, मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसले आहे. भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस हे जुने नगदी पीक. संत गाडगे महाराजांचे बालपण तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गेले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. पण दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, कारंजा, दारव्हा ही कापसाची गावे त्यापासून दूर राहिली. ती जोडण्यासाठी मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापुराहून एक फाटा अचलपूरकडे (सुमारे ७६ किमी.), तर दुसरा यवतमाळकडे (सुमारे ११३ किमी.) गेला. पुलगाव–आर्वी मार्गही याच कंपनीचा. रुळांतील अंतर अवघे २ फूट ६ इंच असल्याने हलके रूळ व लहान पूल चालत आणि बांधणी स्वस्तात होई. मात्र हे डबे मोठ्या मार्गावर जाऊ शकत नसल्याने मालाची गाडी मूर्तिजापुरातच बदलावी लागे.

कंपनीने मार्ग बांधला, गाड्या मात्र जीआयपीने चालविल्या. इंजिने विलायतेहून येत. येथील झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले व १९२३ मध्ये रुळावर आले. वऱ्हाडचा कापूस ज्या लँकशरच्या गिरण्यांकडे जाई, त्याच मुलुखात हे इंजिन घडले होते. सत्तर वर्षे धावल्यावर १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. उत्तरकाळात मोजकेच कर्मचारी गाडी सांभाळत. इंजिन सोडणे-जोडणे, सिग्नल देणे व तिकिटे विकणे ही सगळी कामे तेच हातांनी उरकत. सिग्नलांवर ‘मेड इन लिव्हरपूल’ ही अक्षरे होती.

जीआयपी १९२५ मध्ये सरकारकडे आली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपनीच्या मालकीचे हे मार्ग मात्र राष्ट्रीयीकरणातून सुटले. मध्य रेल्वे ते कराराने चालवी व कंपनीला मोबदला देई. त्यामुळे ‘ब्रिटिशांची रेल्वे’ अशी तिची ख्याती झाली. ती अर्धीच खरी आहे, कारण किलिक निक्सन पुढे भारतीयांच्या हाती आली.

रस्ते सुधारले, एस.टी. व ट्रक वाढले, तशी मंदगती गाडीची मालवाहतूक आटली. तरी स्वस्त तिकिटामुळे गोरगरिबांना शेवटपर्यंत तिचाच आधार होता. आता दोन्ही मार्गांवरील अरुंदमापी गाड्या बंद असून ते रुंदमापी करण्याची मागणी वऱ्हाडात सतत होते. यवतमाळला वर्धा–नांदेड या नव्या मार्गाने रुंदमापी रेल्वे मिळत आहे. तो मार्ग मूर्तिजापुरावरून जात नाही. त्यामुळे यवतमाळची सोय झाली तरी मूर्तिजापूरचे जंक्शनपण जुन्या मार्गांच्या रूपांतरावरच अवलंबून आहे.